दुखणेकऱ्याचा खर्च कोणीं सोसावा ?

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिक्रापूर लागतें. तेथून थोड्याच अंतरावर, वेळ नदीच्या कांठीं, तळेगांव ढमढेरे हें गांव वसलेलें आहे. ढमढेरे या सरदार घराण्याच्या नांवानें तें ओळखलें जातें, आणि मावळांतील दाभाड्यांच्या तळेगांवाहून तें अगदीं निराळें आहे, हें पुणेकरांस सांगावयास नको. गांवाच्या एका अंगास पुणें शहर आणि दुसऱ्या अंगास तालुक्याचें ठिकाण शिरूर, अशी त्याची स्थिति आहे. ही स्थिति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण घरांत मोठें दुखणें निघालें म्हणजे येथील गरीब कुटुंबास दोन विरुद्ध दिशांना धांवावें लागतें. मोठें रुग्णालय पुण्यास, आणि उत्पन्नाचा दाखला ज्या तहसीलदाराच्या नांवानें निघतो तो शिरूरास. रोगी एका दिशेला आणि त्याला सवलत मिळवून देणारा कागद दुसऱ्या दिशेला, असा हा प्रकार आहे.

राज्यें कशीं मिळविलीं आणि कशीं गेलीं, याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु घरांतील माणूस अंथरुणास खिळलें असतां त्याच्या औषधाचा पैसा कोठून आला, हा इतिहास फारसा कोणीं लिहिलेला नाहीं. वस्तुतः सामान्य मनुष्याच्या आयुष्यांत लढायांपेक्षां दुखणींच अधिक. दुखणें हत्तीच्या पावलांनीं येतें आणि मुंगीच्या पावलांनीं जातें, अशी मराठींत म्हण आहे; आणि सारीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी दुसरीहि म्हण आहे. या दोन म्हणी शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे प्रस्तुत प्रश्न पुरता मांडला गेला असें समजावें.

या प्रश्नाला महाराष्ट्रानें निरनिराळ्या काळीं तीन उत्तरें दिलीं. पहिलें उत्तर दात्याचें, दुसरें सावकाराचें आणि तिसरें कायद्याचें. एक सरलें आणि दुसरें आलें, असा मात्र यांचा क्रम नाहीं. तिन्ही दारें एकाच रस्त्यावर उभीं असतात, आणि रोग्याचे नातलग एका दारावरून दुसऱ्या दारावर जातात. त्यांतील कोणतें दार आधीं उघडतें, यावर त्या घराचें पुढचें भवितव्य पुष्कळ अंशीं ठरत असतें.

पेशवाईंत आजच्या अर्थानें सरकारी दवाखाना नव्हता. खेडेगांवांत बाळंतपण सुईणीच्या हातीं असे, आणि तिला धान्य, लुगडें-चोळी असें कांहीं दिलें म्हणजे तिची पाठवणी होई. किरकोळ दुखण्याला घरचा काढा आणि आजीबाईचा बटवा पुरत असे. परंतु राज्यकर्त्यांचें या बाबतींत अगदींच दुर्लक्ष होतें असें नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींतील कागदांचा जो परामर्श घेतला, त्यांत वैद्यांना आणि हकिमांना इनामें दिल्याचे उल्लेख आहेत. यांत हिंदु होते, मुसलमान होते आणि फिरंगी वैद्यहि होते. लोकांना फुकट औषध देतो, एवढ्या कारणावरून वैद्याचें इनाम त्याच्या पश्चात् पुढें चालविल्याचें उदाहरण नाशकाकडील आहे, आणि औषधी वनस्पतींची बाग वाईस राखल्याचाहि उल्लेख त्यांत येतो.

या व्यवस्थेंतील मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. जमिनीचा वसूल वैद्याकडे जाई, आणि त्या वसुलाच्या बळावर तो रोग्याकडून कांहीं न घेतां औषध देई. म्हणजे औषधाची किंमत कोणीं दिलीच नाहीं असें नव्हे; ती आधींच, निरोगी असतांना, साऱ्या रयतेनें दिलेली असे. दुखणें एकाचें आणि खर्च अनेकांचा, हें तत्त्व त्यांत बीजरूपानें होतें. मात्र असे वैद्य मोजके, आणि तेहि क्षेत्राच्या किंवा दरबाराच्या गांवीं. शिवाय इनाम ही कृपा होती. ती मागण्याचा हक्क वैद्याला नव्हता, आणि वैद्याकडून औषध मागण्याचा हक्क रोग्यालाहि नव्हता.

१८१८ सालीं पेशवाई गेली आणि हळूहळू पाश्चात्त्य वैद्यक या प्रांतांत आलें. त्याला इमारत लागे, शस्त्रें लागत, शिकलेले डॉक्टर लागत. तेव्हां त्याचा खर्चहि मोठा. तो भार सरकारनें एकट्यानें उचलला नाहीं. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांनीं एक लाख रुपये दिले, आणि १८४५ सालीं त्यांच्या नांवाचें रुग्णालय सुरू झालें. पुण्यास डेव्हिड ससून यांनीं मोठी देणगी दिली. हे मूळचे बगदादचे यहुदी व्यापारी. मुंबईंत येऊन त्यांनीं व्यापार वाढविला आणि अपार संपत्ति मिळविली. १८६३ सालीं पुण्याच्या रुग्णालयाची कोनशिला बसली. १८६४ सालीं ससूनशेट पुण्यांतच निवर्तले. आणि १८६७ सालीं रुग्णालयाचें दार उघडलें. आरंभीं तेथें १४४ रोग्यांची सोय होती. देणाऱ्यानें आपल्या दानाचें फळ डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. त्यांची समाधि मात्र जवळच, पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात त्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या आवारांत आहे.

स्त्रियांसाठीं हीच वाट पुढें चालली. परपुरुषापुढें आजार सांगण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या बायका घरोघर असत. १८८५ सालीं लेडी डफरिन यांचा निधि स्थापन झाला, आणि १८८६ सालीं मुंबईंत पेस्तनजी होर्मसजी कामा यांच्या देणगींतून स्त्रियांचें रुग्णालय निघालें. १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन सुरू झालें, आणि त्यानें मध्यमवर्गांतील मुली व विधवा यांना शुश्रूषेच्या कामास लावलें. हें कार्य दानाच्या रकमेंत मोजतां येण्यासारखें नाहीं. परंतु रोग्याच्या उशाशीं शिकलेली बाई उभी राहिली, हें दानाहून लहान खास नव्हे.

या सर्व दात्यांचें ऋण महाराष्ट्रावर आहे, यांत संशय नाहीं. तथापि दानाची एक अंगभूत मर्यादा असते. तें दात्याला जेथें सुचेल तेथें जातें. मुंबईस गेलें, पुण्यास गेलें. शिरूर तालुक्याच्या कोरडवाहू गांवांत फारसें गेलें नाहीं. खेड्यांतील रोग्याला शहरांतील फुकट औषधहि फुकट पडत नसे. बैलगाडी जोडावी लागे, सोबतीला माणूस लागे, त्या माणसाची मजुरी बुडे, आणि शहरांत उतरावयाचें कोठें हा प्रश्न राही. खाट धर्मार्थ मिळाली तरी खाटेपर्यंत पोंचण्याचा खर्च आपला आपणच करावा लागे. म्हणून खेडुताला त्याच्या गांवांतलें दुसरें दार अधिक जवळचें वाटे. तें सावकाराचें.

सावकाराच्या दाराचा इतिहास याच तालुक्यानें जगापुढें मांडला. शिरूर तालुक्यांतील करडे या गांवीं १८७४ च्या अखेरीस तेथील देशमुखांविरुद्ध एका सावकारानें सुमारें दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळविला, आणि त्यावरून देशमुखांच्या राहत्या घरावरच गदा आली. तेव्हां गांवानें सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचें शेत कोणी करीना, पाणी कोणी भरीना. हा बहिष्कार आसपासच्या गांवांत पसरला, आणि १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला. सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळण्यांत आले. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं शेतकऱ्यांना संरक्षण देणारा दख्खनचा कायदा झाला. त्या कायद्यानें न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागचा खरा व्यवहार तपासून पाहण्याचा अधिकार मिळाला.

या दंग्याचीं कारणें जमिनीचा सारा, कापसाचे उतरलेले भाव आणि व्याजाचा जांच हीं होतीं. दुखणें हें त्यांचें कारण म्हणून कोणी सांगत नाहीं. परंतु त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि ती प्रस्तुत विषयाला पुरेपूर लागू पडते. अडचणीच्या वेळीं पैसा देणारें दार एकच असलें म्हणजे त्या दाराच्या अटी मान्य कराव्याच लागतात. लग्नाला मुहूर्त पुढें ढकलतां येतो, बैल एक हंगाम उशिरां घेतां येतो. दुखण्याला मात्र थांब म्हणतां येत नाहीं. म्हणून दुखण्याचें कर्ज हें सर्वांत महाग कर्ज. तें घेणारा घासाघीस करण्याच्या स्थितींतच नसतो. आजहि शेताचा तुकडा, बायकोच्या अंगावरचा दागिना किंवा दावणीची गाय विकून रुग्णालयाचें बिल भागविणारीं कुटुंबें महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यांत आढळतील. रोखे जाळण्यानें हें दार बंद झालें नाहीं. दुसरें दार उघडेपर्यंत तें बंद होण्यासारखेंहि नव्हतें.

नामांकित माणसेंहि या संकटांतून सुटलीं नाहींत. जुलै १८८८ मध्यें महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवें अंग लुळें पडलें. त्यांचे स्नेही आणि सत्यशोधक समाजाचे पुढारी डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनीं त्यांच्यावर उपचार केले. जोतीराव पुढें डाव्या हातानें लिहूं लागले, आणि ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ त्यांनीं या अवस्थेंत पुरें केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु लेखणी डाव्या हातांत धरतां आली तरी संसाराचा गाडा डाव्या हातानें ओढतां येत नाहीं. पूर्वीं कंत्राटदारींत जें मिळविलें होतें तें शाळांच्या आणि समाजाच्या कामीं खर्चीं पडलेलें होतें. १८९० सालीं मामा परमानंद यांनीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून या दांपत्याला साह्य करण्याची विनंती केली. त्याच वर्षीं २८ नोव्हेंबर रोजीं जोतीराव निवर्तले.

या प्रसंगांत मामांचें सौजन्य दिसतें आणि सयाजीरावांची योग्यताहि दिसते, कारण ज्याच्याकडे मागावें असा राजा त्या काळीं होता. पण त्यांतील बोंच कांहीं वेगळी आहे. जोतीरावांना पत्र लिहिणारा मित्र होता. ज्याला असा मित्र नाहीं, त्या तळेगांवच्या किंवा करड्याच्या शेतकऱ्यानें कोणाकडे पाहावें ? मदत मिळण्यासाठीं जर ओळख लागत असेल, तर ज्यांना मदतीची गरज सर्वांत अधिक त्यांनाच ती सर्वांत कमी मिळणार, हें उघड आहे.

जोतीरावांच्या मागें सात वर्षांनीं पुण्यावर प्लेग आला. सावित्रीबाईंचे पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनीं पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथें पोंचवीत. अशाच कामांत त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. ज्यांच्याजवळ देण्यास पैसा नव्हता त्यांनीं देह दिला. दात्याच्या दाराचा याहून मोठा महिमा सांगतां यावयाचा नाहीं. आणि एवढ्या मोठ्या त्यागावर रोजचा व्यवहार चालवितां येत नाहीं, हेंहि त्याच उदाहरणानें शिकविलें.

तिसरें दार म्हणजे कायद्याचें. तें प्रथम युरोपांत उघडलें. जर्मनींत १८८३ सालीं बिस्मार्कनें कामगारांसाठीं आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. कामगार आणि मालक दोघेहि थोडी थोडी वर्गणी भरीत, आणि दुखणें आलें म्हणजे त्या सांठ्यांतून औषध व कांहीं दिवसांची मजुरी मिळे. इंग्लंडांत १९४२ सालीं बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः करांतून भागविण्याचें ठरलें. तेथेंहि १९५२ सालीं औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार बसविण्यांत आलाच. श्रीमंत देशालाहि औषधाच्या खर्चाची चिंता चुकली नाहीं.

हिंदुस्थानांत १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली आणि १९४६ सालीं तिचा अहवाल आला. पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्याच कारणावरून कोणाहि मनुष्याला योग्य उपचार नाकारला जाऊं नये, हें त्या समितीनें मूळ तत्त्व म्हणून मांडलें. खेड्यांजवळ प्राथमिक आरोग्य केंद्रें असावींत ही कल्पनाहि तिचीच. १९४८ सालीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, आणि १९५२ सालीं कानपूर व दिल्ली येथें त्याचा अंमल सुरू झाला. शिरूर तालुक्याला त्या वेळीं या कायद्याचें फारसें अगत्य नव्हतें, कारण येथें कारखाने नव्हते. पुढें सणसवाडी, कोरेगांव भीमा, रांजणगांव या बाजूस कारखानदारी उभी राहिली, आणि शेतकऱ्यांचीं मुलें कामगार झालीं. या विम्यासाठीं वेतनाची मर्यादा २०१७ सालीं दरमहा २१,००० रुपये करण्यांत आली. ज्याचें नांव हजेरीपटावर नीट चढलें त्याला हा आधार. कंत्राटाच्या कामावर आज येथें आणि उद्यां तेथें जाणाऱ्याचें नांव मात्र पुष्कळदां कोठेंच चढत नाहीं.

खर्च कोणीं द्यावा या प्रश्नाबरोबर, खर्च मुळांत किती असावा, हाहि प्रश्न आहे. त्याचें एक उत्तर पुणें जिल्ह्यांतच घडलें. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पेनिसिलीन हें जीव वांचविणारें औषध हातीं आलें. परंतु तें परदेशांतून येई आणि गरिबाच्या आटोक्याबाहेर असे. १९५४ सालीं पिंपरी येथें जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्यानें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, आणि १९५५ सालापासून तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. १९७० सालीं पेटंटचा नवा कायदा झाला. त्यान्वयें औषधाच्या पदार्थावर मक्ता न देतां तें तयार करण्याच्या कृतीवरच देण्याचें ठरलें. म्हणून तेंच औषध निराळ्या कृतीनें काढण्याची मोकळीक देशांतील कारखानदारांस मिळाली, आणि किमती उतरल्या. २००५ सालीं हा नियम बदलून पदार्थावरील पेटंट पुनः आलें. जयसुखलाल हाथी यांच्या समितीनें १९७५ सालीं औषधें व्यापारी नांवाऐवजीं मूळ नांवानें ओळखलीं जावींत असें सुचविलें होतें. त्या सूचनेचें रूप पुष्कळ वर्षांनीं दिसलें. २००८ सालीं मूळ नांवाचीं स्वस्त औषधें विकणारें पहिलें जनऔषधि दुकान अमृतसर येथें उघडलें. अशीं दुकानें आतां महाराष्ट्रांतील शहरांत व तालुक्यांच्या गांवींहि आढळतात.

खेड्यांतील रोग्याला शहरांत नेण्याऐवजीं उपचारच खेड्यांत न्यावा, हा विचार तळेगांवच्या शेजारींच प्रत्यक्षांत उतरला. शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक हें गांव छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें सर्वांस परिचित आहे. १९७० नंतरच्या दशकांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानें तेथें ग्रामीण आरोग्याचें काम उभारलें. त्याच्या सूत्रधार डॉक्टर बानू कोयाजी. १९४४ सालीं त्या या रुग्णालयांत आल्या तेव्हां तें लहानसें प्रसूतिगृह होतें. त्यांच्या कारकीर्दींत तें पुण्यांतील एक मोठें रुग्णालय झालें. परंतु शहरांत खाटा कितीहि वाढविल्या तरी खेड्यांतील माणूस तेथें शेवटच्या घटकेला पोंचतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून गांवांतलींच माणसें, विशेषतः बायका, निवडून त्यांना साधीं दुखणीं ओळखण्याचें, गरोदर स्त्रीवर लक्ष ठेवण्याचें, मुलांना वेळेवर लस मिळते कीं नाहीं हें पाहण्याचें शिक्षण देण्यांत आलें. १९९३ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें. २००४ सालीं त्या निवर्तल्या. वेळेवर दिलेलें चार आण्यांचें औषध पुढचा चारशें रुपयांचा खर्च वांचवितें, हा साधा हिशेब वढूनें डोळ्यांसमोर मांडला.

मोठ्या शस्त्रक्रियेचा हिशेब मात्र इतका साधा नसतो. त्यासाठीं महाराष्ट्रांत दोन कायदेशीर मार्ग निघाले. पहिला धर्मादाय रुग्णालयांचा. विश्वस्तनिधींवर चालणाऱ्या संस्थांसाठीं १९५० सालीं मुंबई राज्यानें कायदा केला होता. त्यांत पुढें ४१ अअ हें कलम घालण्यांत आलें, आणि धर्मादाय रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठीं मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीनें राखाव्या, असें ठरलें. कलम होतें, अंमल विरळा होता. तेव्हां प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें, आणि २००६ सालीं न्यायालयाच्या आदेशानें एक योजना ठरली. त्या योजनेप्रमाणें अशा प्रत्येक रुग्णालयानें आपल्या इतर रोग्यांच्या बिलांचे दोन टक्के बाजूस काढून निर्धन रोग्यांचा निधि ठेवावयाचा, आणि निर्धनांच्या औषधांचा खर्च त्यांतून भागवावयाचा. दुर्बल घटकांतील रोग्यानें त्या खर्चाचा कांहीं भाग द्यावयाचा. तांतडीच्या वेळीं अनामत न मागतां रोग्याला प्रथम दाखल करून घ्यावयाचें, असाहि दंडक घातला गेला.

पेशवाईंतील इनामाची येथें आठवण होते. तेव्हां सरकारनें जमीन दिली आणि वैद्यानें फुकट औषध दिलें. आतां रुग्णालयाला धर्मादाय म्हणून करांत व इतर बाबतींत सवलती मिळतात आणि त्यांबद्दल त्यानें गरिबांसाठीं खाटा राखावयाच्या. व्यवहार एकच, परंतु पूर्वीं जी कृपा होती ती आतां अट झाली आहे. निर्धन रोगी त्या दारीं उभा राहतो तो याचक म्हणून नव्हे, तर ज्याच्या नांवानें सवलत घेतली गेली तो धनी म्हणून.

दुसरा मार्ग विम्याचा. १९९७ सालीं राज्यांत जीवनदायी योजना निघाली. २ जुलै २०१२ रोजीं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्यें ती साऱ्या राज्यांत लागू झाली. प्रत्येक कुटुंबाला वर्षास दीड लाख रुपयांपर्यंत ठराविक शस्त्रक्रिया व उपचार पैसे न भरतां मिळावेत, अशी तिची मूळ रचना होती. २०१८ सालीं केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना आली, तिची मर्यादा पांच लाखांची. आणि २०२४ सालीं राज्याच्या योजनेनेंहि तीच मर्यादा स्वीकारून सर्व शिधापत्रिकाधारकांस आपलें दार उघडलें. त्याआधीं, १५ ऑगस्ट २०२३ पासून, राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क करण्यांत आले होते. राज्याच्या विमा योजनेला २०१७ सालीं नवें नांव देण्यांत आलें होतें. तें नांव महात्मा जोतीराव फुले यांचें. ज्या पुरुषाच्या दुखण्यांत मित्राला पत्र लिहून साह्य मागावें लागलें, त्याच्या नांवानें आज अनोळखी मनुष्याला ओळखीवांचून उपचार मिळतो. स्मारकें पुष्कळ होतात. इतकें समर्पक स्मारक क्वचितच होतें.

एवढें झाल्यावर प्रश्न सुटला असें मात्र समजूं नये. सरकारच्या हिशेबाप्रमाणें देशांतील आरोग्याच्या एकूण खर्चांपैकीं लोकांच्या स्वतःच्या खिशांतून जाणारा वांटा २०१३-१४ सालीं ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ सालीं ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगति मोठी आहे. तथापि शंभरांतील चाळीस रुपये अजून रोग्याचेच आहेत. आणि ते कोठें जातात हें पाहिलें म्हणजे योजनांची उणीव कळते. विम्याच्या योजना मुख्यतः रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यासाठीं आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया त्यांत बसते. शस्त्रक्रियेनंतर जन्मभर घ्यावयाच्या गोळ्या बहुधा बसत नाहींत. मधुमेह, रक्तदाब, दमा हीं दुखणीं खाट अडवीत नाहींत, पण महिन्याच्या महिन्याला घरखर्चांतला घास काढून घेतात. आणि जेथें औषध महाग झालें तेथें माणूस तें बंद करीत नाहीं, एकाआड एक दिवस घेऊं लागतो. कोणाला सांगत नाहीं. पुढें एके दिवशीं पक्षाघात होतो, आणि मग तो योजनेंत बसतो.

म्हणून या इतिहासाचा बोध सुशिक्षित कुटुंबांनींहि घेण्यासारखा आहे. घरीं काम करणारी बाई, वाड्याचा रखवालदार, गांवाकडचा वाटेकरी यांच्या घरीं दुखणें निघालें म्हणजे आपण चार पैसे देतों, आणि तें योग्यच आहे. परंतु चार पैशांपेक्षां कित्येकदां चार शब्द अधिक उपयोगीं पडतात. शिधापत्रिका जुळवून ठेवावी. उत्पन्नाचा दाखला दुखण्याच्या आधींच काढून ठेवावा. रुग्णालय धर्मादाय आहे कीं काय, हें दाखल होतांनाच विचारावें आणि तेथील समाजसेवकाची गांठ घ्यावी. औषधाच्या चिठ्ठीवर मूळ नांव लिहून मागावें आणि सरकारी केंद्रांत तें मोफत मिळतें कीं काय, हें आधीं पाहावें. या गोष्टी सांगणारें कोणी नसलें म्हणजे कायद्याचें दार उघडें असूनहि तें भिंतीसारखें दिसतें, आणि माणूस वळतो तो सवयीनें सावकाराकडे.

तळेगांव ढमढेरे आजहि पुणें आणि शिरूर यांच्या मध्येंच आहे. रस्ते सुधारले, मोटारी आल्या, दाखले यंत्रावर मिळूं लागले. तरी रोगी एका दिशेला आणि कागद दुसऱ्या दिशेला ही स्थिति पुरती पालटलेली नाहीं. पेशवाईंतील वैद्यानें रोग्याकडे दाखला मागितला नव्हता. पण तो वैद्य प्रत्येक गांवांत नव्हता. आजच्या कायद्यानें प्रत्येक गांवाला हक्क दिला. पण त्यासाठीं दाखला मागितला. वैद्याची ती सहजता आणि कायद्याचा हा विस्तार, या दोन्ही गोष्टी ज्या दिवशीं एका दारांत भेटतील, त्या दिवशीं तळेगांवच्या माणसाला दुखण्यासाठीं शेत विकावें लागणार नाहीं. तोंपर्यंत त्या दाराची वाट दाखविणें, हें ज्याला वाचतां येतें अशा प्रत्येकाचें काम आहे.